कामेन रायडर कूगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी सुपरहिरो मालिकांवर मी लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त विचारणा होते ती या एका मालिकेबद्दल. 'बघू का?' इथपासून 'शेवटी असं का केलं हो त्यांनी?' इथपर्यंत. तेच ते प्रश्न परत परत येतात म्हणून ते इथे एकत्र केलेत. शेवट फोडणारे प्रश्न १४ आणि १५ आहेत. मालिका बघायची असेल तर ते दोन सोडून पुढे जा.

१. कामेन रायडर कूगा म्हणजे नेमकं काय? कार्टून आहे का?

कार्टून नाही. खरी माणसं, खरे रस्ते, आणि रबरी सूट घातलेले राक्षस. या प्रकाराला जपानीत 'तोकुसात्सु' म्हणतात. ही मालिका तोएई कंपनीची. 'टीव्ही असाही' वाहिनीवर ३० जानेवारी २००० ते २१ जानेवारी २००१ या काळात दर रविवारी सकाळी ८ वाजता ती लागायची. एकूण भाग ४९.

'कामेन' म्हणजे मुखवटा. मोटारसायकलवरून येणारा, कमरेला पट्टा असलेला, टोळासारख्या डोळ्यांचा मुखवटेधारी वीर ही कल्पना शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराची. पहिली मालिका १९७१ मध्ये आली. पुढे १९८९ मध्ये टीव्हीवरच्या रायडरला खीळ बसली आणि जानेवारी १९९८ मध्ये इशिनोमोरी गेले. दहा वर्षांची झोप, त्यात जन्मदाता नाही, अशा अवस्थेत कूगा उभी राहिली. तिच्यानंतर आजतागायत जवळजवळ दरवर्षी नवा रायडर येतोय, म्हणजे बंद पडलेलं दुकान हिनेच पुन्हा उघडलं.

२. आधीच्या मालिका बघितल्या नाहीत तर चालेल का? आणि उच्चार काय करायचा?

चालेल. मागची एकही गोष्ट माहीत असण्याची गरज नाही. उच्चार 'कूगा', पहिलं अक्षर लांबवून. 'क्यूगा' नको.

३. शेवट न सांगता गोष्ट सांगाल का?

नागानो प्रांतातल्या कुरो नावाच्या डोंगरावर उत्खननात एक शवपेटी उघडली जाते आणि त्यातून जे बाहेर येतं ते संशोधकांना मारून टाकतं. त्याच्या पाठोपाठ ग्रोंगी नावाची, माणसाच्या रूपात वावरू शकणारी एक प्राचीन जमात जागी होते. त्याच ठिकाणी सापडलेला पट्टा गोदाई युसुके नावाचा एक भटका तरुण कमरेला लावतो आणि तो पट्टा त्याच्या पोटात शिरतो. या युसुकेला २००० कला येतात, त्यातली पहिली म्हणजे हसणं. कूगा या मुखवटेधारी वीरात होणारं रूपांतर ही त्याची दोन हजारावी कला.

त्याच्या जोडीला इचिजो काओरु हा नागानोचा पोलीस अधिकारी. एक मनमोकळा, दुसरा नियमावर बोट ठेवणारा. पोलीस या राक्षसांना नावं देत नाहीत, 'अज्ञात सजीव' म्हणून क्रमांक देतात. गंमत अशी की युसुकेलाही क्रमांक मिळतो, चौथा. सुरुवातीला पोलीस त्याच्यावरही गोळ्या झाडतात.

युसुकेचं काम जो ओदागिरी याने केलंय. पुढे तो जपानी सिनेमातला मोठा नट झाला.

४. लहानपणी दूरदर्शनवर 'जायंट रोबो' बघितलाय. हे तसलंच ना?

घराणं एकच. घड्याळात बोलून रोबोला हाक मारणाऱ्या त्या पोराची मालिकाही तोएईचीच, १९६७-६८ ची. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात पोचली आणि शेवटच्या भागात रोबो शत्रूला घेऊन अवकाशात गेला तेव्हा घरोघरी पोरं रडली. मीही रडले होते.

पण कूगाचं वळण वेगळं आहे. जायंट रोबोत दर आठवड्याला शहर पडायचं आणि पुढच्या आठवड्याला जसंच्या तसं उभं असायचं. कूगात मेलेल्यांची गणती ठेवली जाते आणि त्यांच्या घरचे लोक दिसतात. पॉवर रेंजर्सशी तुलना करणाऱ्यांनाही हेच उत्तर. त्यातली मारामारीची दृश्यं ज्या जपानी मालिकांमधून घेतलेली असत त्या कूगाच्या चुलत बहिणी, स्वभावाने मात्र फार निराळ्या.

५. सगळे एवढं कौतुक का करतात? मला तर पहिल्या भागात काही विशेष दिसलं नाही.

पहिला भाग एकटा बघू नका, दुसरा लगेच जोडून बघा. पहिल्या भागात युसुके लढतो तो पांढऱ्या, अर्धवट रूपात. घाबरलेला आहे, आपल्याला काय झालंय ते कळत नाहीये, ठोसा मारला की तेवढा हात बदलतो. दुसऱ्या भागात तो एका शाळकरी मुलीला रडताना बघतो. उत्खननात मारल्या गेलेल्या प्राध्यापकाची ती मुलगी. मग पेटलेलं चर्च, आत इचिजो आणि वटवाघळासारखा ग्रोंगी. युसुके धावत येतो आणि मार खात खात, मारत मारत इचिजोला सांगतो, की असल्यांपायी आणखी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला बघायचं नाही. वाक्य संपेपर्यंत अंगाचा रंग लाल झालेला असतो. पांढरं का होतं आणि लाल का झालं, हे कुणी समजावून सांगत नाही. निश्चय नव्हता, आता झाला. बस.

मालिकेचं सगळं बळ इथे आहे: ती ठोशाची किंमत मोजते. मारणं वाईटच, मारावं लागणं त्याहून वाईट, आणि हे काम ज्याला जमतं त्याला ते आवडता कामा नये, ही गोष्ट ती ४९ भाग धरून ठेवते. युसुकेचा डॉक्टर मित्र त्सुबाकी वरचेवर त्याच्या शरीराची तपासणी करतो. पोटात शिरलेल्या पट्ट्यातल्या दगडापासून मज्जातंतूंसारखे धागे सर्वांगात पसरत चाललेत आणि एक दिवस हा केवळ लढणारं यंत्र होईल, अशी त्याला धास्ती आहे. युसुके अंगठा वर करतो, हसतो आणि जातो. त्या हसण्याबद्दल प्रश्न १२ मध्ये.

दुसरं बळ म्हणजे खरेपणा. पडद्यावर तारीख, ठिकाण, वेळ उमटते. पोलीस बैठक घेतात, नकाशावर खुणा करतात, मारेकऱ्याचा नियम शोधतात. पुढे पुढे तर राक्षस मरताना होणारा स्फोट इतका मोठा होतो की पोलिसांना त्याला आधी निर्जन जागी हाकलत न्यावं लागतं. सुपरहिरो मालिकेत 'स्फोट झाला तर आजूबाजूच्या लोकांचं काय?' हा प्रश्न मी तरी त्याआधी कुणाला पडलेला बघितला नव्हता.

६. राक्षस बोलतात तेव्हा सबटायटल येत नाहीत. माझी फाइल खराब आहे का?

नाही, जपानी प्रेक्षकालाही पहिल्या प्रक्षेपणात काहीच कळत नव्हतं. मुद्दामच केलंय ते.

ग्रोंगी भाषा मात्र अर्थहीन बडबड नाही. शाळेत आपण 'च'ची भाषा बोलायचो ना, 'मला पाणी'चं 'चलाम चाणीपा'? तसाच प्रकार, फक्त नियम जास्त. जपानीतलं प्रत्येक अक्षर ठरलेल्या दुसऱ्या अक्षराने बदलायचं. 'कोरोसु' म्हणजे मारणं. को चा बो, रो चा सो, सु चा गु. झालं 'बोसोगु'. ग्रोंगी ज्याला 'गेगेरु' म्हणतात तो शब्द उलगडला की निघतो 'गेमु', म्हणजे आपला गेम!

तीच या खलनायकांची खरी भीती. त्यांना जग जिंकायचं नाही. ते खेळतायत. इतक्या दिवसांत, अमुक नियमाने, इतकी माणसं मारायची; जमलं तर वरच्या दर्जाला बढती. 'झू', 'मे', 'गो' असे त्यांचे दर्जे नावाच्या सुरुवातीलाच लागतात. मोजणी दहाच्या नाही, नऊच्या पटीत, आणि एक जण मण्यांच्या पाटीवर बळींचा हिशोब ठेवत उभा असतो. माणसाला त्यांच्या लेखी किंमत त्या मण्याएवढी. भाषा कळत नसताना हे हळूहळू लक्षात येतं तेव्हा अंगावर काटा येतो. म्हणून पहिल्या वेळी अर्थ शोधू नका. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा शोधा.

७. तो लाल, निळा, हिरवा, जांभळा का होतो? खेळणी खपवायला?

खेळण्यांचं प्रश्न १३ मध्ये. गोष्टीपुरतं सांगायचं तर प्रत्येक रंगाला काहीतरी गमवावं लागतं. लाल समतोल. निळा उंच उडतो, पण ठोशात दम नाही. जांभळा मार खात संथ चालत येतो, चपळाई शून्य. हिरव्याचे कान आणि डोळे इतके तीक्ष्ण होतात की साऱ्या शहराचा गोंगाट एकदम डोक्यात शिरतो. ५० सेकंदांत काम उरकलं नाही तर दोन तास रूपांतरच करता येत नाही.

हत्यारही आकाशातून पडत नाही. हातात काठी आली तर तिचा दंड होतो, पोलिसाचं पिस्तूल मागून घेतलं तर त्याचं धनुष्यासारखं हत्यार होतं. सोनेरी छटा येते तिलाही कारण आहे. १८-१९ व्या भागांत युसुकेचं हृदय बंद पडतं तेव्हा त्सुबाकीने दिलेला विजेचा झटका. नवी शक्ती आली की तिची पावती दाखवायची, ही या लेखकांची शिस्त. मुख्य लेखक नारुहिसा अराकावा आणि निर्माते शिगेनोरी ताकातेरा यांना याचं श्रेय द्यायलाच हवं.

८. १० भाग झाले, फार संथ वाटतंय. कधी वेग घेते?

खरं सांगू? घेतच नाही. आणि हा दोष आहे, भक्तांनी कितीही 'वातावरणनिर्मिती' म्हटलं तरी.

मधल्या २०-२५ भागांचा साचा पाठ होतो. नवा क्रमांक आला, माणसं मेली, इचिजोने मेलेल्यांत काय समान आहे ते शोधलं, विद्यापीठात युसुकेची मैत्रीण साकुराको हिने प्राचीन लिपीतली एक ओळ लावली, पोलिसांच्या प्रयोगशाळेत एनोकिदाबाईंनी नवं यंत्र केलं, लाथ, स्फोट. शिवाय फोन! या मालिकेत लोक इतके फोनवर असतात की एखाद्या भागात लढाईपेक्षा जास्त वेळ 'हो, कळलं, निघतो'त जातो. २००० साली मोबाइल नवा होता हे मान्य, पण तरी.

त्यात उपकथानकं. नट व्हायची स्वप्नं घेऊन आलेली नाना, वाट चुकलेले शाळकरी पोरगे, बालवाडीतली भांडणं. यातली काही शेवटी कामी येतात. युसुकेची बहीण मिनोरी बालवाडीत शिकवते आणि तिथल्या पोरांच्या 'तो मारतो तर मग चांगला कसा?' छापाच्या शंकांमध्ये सगळी मालिका मावते. बाकीची मात्र नुसती जागा भरतात. दोन-दोन भागांची एक गोष्ट आहे, तेव्हा एका बैठकीत जोडी संपवा. एकेक भाग आठवडाभराने बघितलात तर सोडून द्याल.

९. राक्षसांचे क्रमांक मध्येच उडी मारतात. माझा एखादा भाग हुकला का?

नाही हुकला. काही ग्रोंगी पडद्याबाहेरच मारले गेलेत, काहींना त्यांच्याच लोकांनी संपवलंय. दोन भागांच्या मधल्या दिवसांतही जग चालू असतं, एवढाच अर्थ.

१०. चित्र इतकं सपाट का दिसतं? आणि ते ग्राफिक्स…

तोपर्यंतच्या अशा मालिका १६ मिलिमीटरच्या फिल्मवर होत. कूगा हाय-डेफिनिशन व्हिडिओवर चित्रित झाली. तेव्हा ते धाडस होतं. आज त्याची दोन्ही टोकं दिसतात. दिवसाउजेडीचं तोक्यो एखाद्या बातमीपटासारखं खरं वाटतं. रात्रीच्या दृश्यांत आणि कोंदट खोल्यांत मात्र फिल्मचा उबदारपणा नाही, रबर रबरच दिसतं.

संगणकावरचे परिणाम बरेच जुनाट झालेत. गोउराम नावाचा उडता भुंगेरा पहिल्यांदा हवेत आला तेव्हा माझ्या भाच्याने विचारलं, 'मावशी, हा गेम हँग झालाय का?' त्याला काय बोलणार! उलट सूटमधल्या माणसांनी केलेली मारामारी अजूनही कमाल आहे. केंजी तोमिनागा यांनी कूगाच्या सूटमध्ये जे काम केलंय ते बघा, विशेषतः जांभळ्या रूपातली ती चाल. थकलेला खांदा मुखवट्याआडून कळतो.

११. मालिकेत बायकांना काही काम आहे का?

आहे आणि नाही. साकुराको लिपी लावते, एनोकिदा यंत्रं बनवते. दोघींशिवाय कूगा तिसऱ्याच भागात मेला असता. पण साकुराकोला वर्षभर एका संगणकासमोर बसवून ठेवलंय. खिडकीतून येणारा प्रकाश बदलतो, ती तिथेच. युसुकेबद्दलची तिची काळजी चेहऱ्यावर दिसते, पण पटकथा त्या काळजीचं पुढे काही करत नाही.

एनोकिदाचं बरं लिहिलंय. घरी आईची वाट बघणारा मुलगा, त्याचा वाढदिवस, प्रयोगशाळेतली रात्र. नोकरी करणाऱ्या कुठल्याही आईला ते ओळखीचं वाटेल. तरी तिच्या अपराधीपणावर मालिका जितका वेळ घालवते तितका एकाही पोलिसाच्या घरावर घालवत नाही. सुगिता नावाच्या अधिकाऱ्यालाही बायकोमुलं आहेतच की.

सगळ्यात जबरदस्त स्त्री शत्रूच्या गोटात आहे. कपाळावर गुलाबाचं गोंदण असलेली बारुबा. ती कुणावर हात उगारताना क्वचितच दिसते, नुसती उभी राहते आणि सगळी जागा तिची होते.

१२. युसुके सतत हसतो. एवढा चांगला माणूस कंटाळवाणा नाही का?

हा प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत होता. बहुतेक नायकांचा प्रवास भित्र्यापासून शूरापर्यंत किंवा स्वार्थापासून त्यागापर्यंत असतो. युसुके दुसऱ्या भागात जो आहे तोच ४५ व्या भागात. चिडत नाही, तक्रार करत नाही, 'ठीक आहे' म्हणतो आणि निघतो. लेखनाच्या दृष्टीने ही उणीव आहे, कारण त्याच्या आत काय चाललंय ते कळायला आपल्याला दुसऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघावं लागतं.

पण ३४ आणि ३५ हे भाग बघितले की मागचं सगळं हसणं बदलून जातं. ४२ क्रमांकाचा ग्रोंगी एकाच शाळेतली ९० मुलं १२ दिवसांत मारायचा खेळ खेळतो. मेंदूत बारीक सुई सोडतो, ती चार दिवसांनी जीव घेते. म्हणजे मुलाला आधीच माहीत असतं. मधले चार दिवस भीती वाढताना बघणं हाच त्याचा आनंद. युसुके ते सगळं बघतो आणि त्या ग्रोंगीला पाण्याकाठी गाठून जे मारतो, ते बघवत नाही. एकामागोमाग एक ठोसे, बराच वेळ, संगीताची वीरश्री नाही. मुठी रक्ताने माखतात. मग स्फोटाच्या ज्वाळांत त्याला क्षणभर एक काळी, चार शिंगांची आकृती दिसते. ती तोच असतो, पुढचा.

तो हसत होता कारण हे आत आहे हे त्याला ठाऊक होतं. निदान मी तरी तसं वाचते. ओदागिरीने इतकं काही न दाखवता केलेला अभिनय पहिल्यांदा बघताना निसटतो.

१३. हिंसा वाईट म्हणायचं आणि पट्टा, तलवार, मोटारसायकल खेळणी म्हणून विकायची. हा ढोंगीपणा नाही का?

आहे. यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. या मालिका खेळण्यांच्या पैशांवर उभ्या असतात. रंग, हत्यारं, दुसरी मोटारसायकल, सोनेरी आवृत्त्या, यातलं बरंचसं दुकानाच्या फळीकडे बघून आलंय.

कूगाचं वेगळेपण एवढंच की ती त्या फळीशी भांडते. सगळ्यात ताकदवान रूप, जे इतर कुठल्याही मालिकेत शेवटचे १०-१५ भाग मिरवलं असतं, ते इथे अगदी शेवटी जेमतेम काही मिनिटं येतं आणि ते आलं म्हणून कुणालाही आनंद होत नाही. आठ वर्षांच्या पोराला तो पट्टा हवा असणारच. पण त्याला तो हवा असताना मालिका त्याच्याशी खोटं बोलत नाही. मला एवढं पुरतं. तुम्हाला पुरणार नाही, तर तुमचंही चूक नाही.

१४. (शेवट फुटतो) पोलिसांचा फारच उदोउदो केलाय असं नाही वाटत?

वाटतं. १९९९-२००० मध्ये कानागावा आणि निइगाता इथल्या प्रकरणांनी जपानी पोलिसांची अब्रू चव्हाट्यावर आली होती, आणि टीव्हीवर रविवारी सकाळी दिसत होते ते एकजात कर्तव्यदक्ष, मेहनती, दिलदार पोलीस. वरिष्ठ सुरुवातीला जरा आडमुठे, मग तेही वितळतात. लाच नाही, टाळाटाळ नाही, दबलेली फाइल नाही. एवढ्या खरेपणाच्या मालिकेत हे खटकतं.

पण लेखकांनी एक पाचर मारून ठेवलीय. पोलीस हळूहळू राक्षस मारणाऱ्या गोळ्या बनवतात, आणि अखेर मण्यांचा हिशोब ठेवणारा तो ग्रोंगी पोलिसांच्याच गोळ्यांनी मरतो, कूगाशिवाय. आपण टाळ्या वाजवायच्या बेतात असतो. पण तिकडे बारुबा म्हणत असते, की माणसंही आता आमच्यासारखी होत चाललीत. यावर इचिजोकडे उत्तर नाही. मालिकेकडेही नाही आणि तिने ते ओढूनताणून आणलेलं नाही.

१५. (शेवट फुटतो) शेवटच्या भागात कूगाच नाही! हा काय प्रकार?

सगळ्यात जास्त रागाची पत्रं याबद्दल येतात. ४८ व्या भागात अंतिम लढाई, ४९ व्यात लढाईच नाही.

आधी ४८. कुरो डोंगरावर बर्फ. समोरासमोर कूगा आणि ग्रोंगींमधला सर्वांत बलाढ्य, दागुबा. दोन्ही बाजूंनी सर्वांत मोठी शक्ती, एकमेकांना जाळायचा प्रयत्न, दोघांनाही ती आग लागू होत नाही. मग उरतात नुसत्या मुठी. पट्टे फुटतात, सूट गळून पडतात आणि बर्फात दोन माणसं एकमेकांना ठोसे मारत राहतात. पांढऱ्या कपड्यांतला दागुबा हसतोय. त्याला खेळायला कुणीतरी तोडीचं मिळालंय. युसुके रडतोय. वर्षभर ज्याने एकदाही तक्रार केली नाही तो प्रत्येक ठोशागणिक रडतोय. विजयाचं संगीत नाही, 'रायडर किक' नाही. मुलांच्या मालिकेतली शेवटची लढाई अशी लिहायला छाती लागते.

त्याआधी इचिजो त्याला म्हणतो, की तुला अशा आडवाटेला लावायचं नव्हतं, तू फक्त भटकत राहायला हवा होतास. ४९ वा भाग म्हणजे त्या वाक्याची परतफेड. तीन महिन्यांनंतर इचिजो एकेका माणसाकडे जातो, सगळे युसुकेबद्दल बोलतात, तो कुठेतरी दूर आहे. अगदी शेवटी तो दिसतो, समुद्रकिनारी, परक्या पोरांमध्ये. हे चित्रण क्यूबात झालं. तो हसतोय, पण पूर्वीसारखा हसतोय का? मी चार वेळा बघितलं. दोनदा 'हो' वाटलं, दोनदा 'नाही'.

एक बारकावा विचारला जातो म्हणून सांगते. प्राचीन इशाऱ्यात काळ्या डोळ्यांचा योद्धा सगळं नष्ट करेल असं होतं. युसुकेचं शेवटचं रूप येतं तेव्हा डोळे लालच राहतात. म्हणजे माणूस आत शिल्लक होता.

१६. ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. दाखवू का?

जपानात ही मुलांच्या वेळेला लागायची, सोबत आया बघायच्या आणि त्यांनाही नायक आवडायचा, हे खरं. तरी माझं मत: आठव्या वर्षी एकट्याने नको. रक्त त्या मानाने कमी आहे, पण भीती खरी आहे. ३४-३५ (प्रश्न १२) आणि ४६ पासून पुढचे भाग तर १२-१३ वर्षांच्या आत नकोतच. पहिले दहा भाग शेजारी बसून बघा, मधे थांबवून बोला. तो 'मग तो रडतोय कशाला?' असं विचारायला लागला की तयार झाला समजा.

१७. अगितो ही कूगाची पुढची गोष्ट आहे का? आणि डिकेडमधला कूगा वेगळा का दिसतो?

'कामेन रायडर अगितो' कूगानंतर लगेच आली आणि तिच्यात पोलिसांनी 'चौथ्या क्रमांकाच्या' धर्तीवर चिलखत बनवलंय. त्यामुळे नातं आहे. पण काळाचा आणि घटनांचा तंतोतंत मेळ बसत नाही. सरळ पुढचा अध्याय समजू नका, त्याच गल्लीतलं दुसरं घर समजा. २००९ च्या 'कामेन रायडर डिकेड' या मालिकेतला कूगा हा वेगळ्या जगातला वेगळा तरुण, ओनोदेरा युसुके. नट र्योता मुराई. गोदाई युसुके म्हणून ओदागिरी पुन्हा आलेला नाही. मला विचाराल तर बरं झालं. अराकावांनी २०१३ मध्ये कादंबरी लिहून १३ वर्षांनंतरचं जग दाखवलंय, ज्यांना करमत नाही त्यांच्यासाठी.

१८. सगळे ४९ भाग म्हणजे वीसेक तास. तेवढा वेळ नाही. कुठले बघू?

१, २, १२, १८, १९, ३४, ३५ आणि ४६ ते ४९. गोष्ट कळेल. पण ४८ व्या भागात तुम्ही रडणार नाही, कारण रडायला मधले कंटाळवाणे भागच लागतात. इंग्रजी सबटायटल्ससह अधिकृत ब्लू-रे उत्तर अमेरिकेत निघालाय. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर लोणच्याच्या बदल्यात मागवा, पण प्लेअर तो प्रदेश चालवतो का ते आधी बघा.

१९. तो येताजाता अंगठा का दाखवतो?

युसुके लहान असताना त्याचे वडील परदेशात वारले. तेव्हा कानझाकी नावाच्या शिक्षकांनी त्याला ही खूण शिकवली. प्राचीन रोमात चांगलं काम करणाऱ्याला अशी खूण मिळायची, असं त्यांनी सांगितलं. आणि २००० साल येईपर्यंत २००० कला शिकशील, तेव्हा भेटू, असं वचन घेतलं. १२ व्या भागात त्या वचनाचा दिवस येतो. गुरुजी स्वतःच शिकवण्यावरचा विश्वास हरवून बसलेले असतात आणि जुन्या शाळेत त्यांचा विद्यार्थी त्यांना शोधत येतो. वर मी त्या भागाचा आकडा उगाच नाही दिला.

आपल्याकडे अडचण भाषेची. माझ्या आईने पहिला भाग माझ्या शेजारी बसून बघितला. युसुकेने हसून अंगठा वर केला तशी म्हणाली, 'हे बघ, एवढं त्या पोलिसाने मदत केली आणि हा मेला त्याला ठेंगा दाखवतोय.'